‘बक’ कुणाच्या पुढ्यात?



या टेबलावरचा अर्ज त्या टेबलावर, तिथून वरच्या मजल्यावर, आणि प्रत्येक ठिकाणी एकच पालुपद: ‘हे आमच्याकडं येत नाही.’ आपण याला टोलवाटोलवी म्हणतो. अमेरिकी माणूस म्हणतो, ‘पासिंग द बक’.

हा बक आला पत्त्यांच्या अड्ड्यावरून. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पोकर जोरात होता. पैसे लावून खेळायचा खेळ, त्यामुळे पत्ते वाटणाऱ्यावर सगळ्यांचा डोळा. हातचलाखी करायची तर तिथंच! म्हणून वाटायची पाळी फिरती असे. पाळी कुणाची हे कळावं म्हणून त्याच्या पुढ्यात एखादी वस्तू ठेवत, तिचं नाव बक. बक म्हणजे नर हरीण. हरणाच्या शिंगाची मूठ असलेला चाकू ठेवत, त्यावरून हे नाव पडलं, अशी सर्वांत प्रचलित उपपत्ती आहे. वाटायचं नसेल त्यानं बक शेजाऱ्याकडं सरकवायचा. यात लबाडी नव्हती, नियमच तसा होता. मार्क ट्वेन यांच्या १८७२ सालच्या ‘रफिंग इट’मध्ये स्कॉटी ब्रिग्ज नावाच्या रांगड्या गड्याला पाद्रीबुवांची पुस्तकी भाषा कळेनाशी होते, तेव्हा तो पत्त्यांच्या बोलीत हाच शब्दप्रयोग करतो. (डॉलरला बक म्हणतात ते वेगळं; त्याचं मूळ हरणाच्या कातड्यांच्या व्यापारात सांगतात.)

मला गंमत वाटते ती अशी, की जबाबदारी कुणाची हे चारचौघांना दिसावं म्हणून ठेवलेली ही खूण. विसाव्या शतकात ती कचेऱ्यांत आणि राजकारणात शिरली, आणि जबाबदारी झटकण्याचंच नाव होऊन बसली. अड्ड्यावर निदान चाकू कुणापुढं थांबला ते तरी दिसायचं.

राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन स्वतः पोकरचे शौकीन. ‘द बक स्टॉप्स हिअर’, म्हणजे टोलवाटोलवी इथं संपते, अशी पाटी त्यांच्या टेबलावर असे. ती तयार झाली ओक्लाहोमातल्या एल रेनोच्या सुधारगृहात, म्हणजे तुरुंगातच म्हणा ना! तिथं तशी पाटी पाहून त्यांच्या एका मित्रानं ती करवून घेतली. अणुबॉम्बच्या निर्णयाशी अनेक जण या पाटीचा संबंध जोडतात. पण बॉम्ब पडले ऑगस्ट १९४५ मध्ये आणि पाटी पोहोचली ऑक्टोबरात. कोरिया युद्धातले सेनापती जनरल मॅकआर्थर यांना ट्रुमन यांनी १९५१ साली बडतर्फ केलं, तो निर्णय मात्र पाटी आल्यानंतरचा. त्यावर देशभर गदारोळ उठला, आणि तो ट्रुमन यांनी अंगावर घेतला.

आज ही पाटी मिसुरी राज्यात, इंडिपेंडन्स इथल्या ट्रुमन ग्रंथालयात आहे. तिच्या मागच्या बाजूलाही मजकूर आहे: ‘मी मिसुरीचा’. तिकडच्या बोलीत याचा अर्थ, नुसतं सांगू नका, दाखवा, मग विश्वास ठेवतो.