गवतावरचा न्याय



आज आम्ही तुम्हांला एका लांबच्या देशाची हकिगत सांगणार आहोत. त्या देशाचे नाव रवांडा. तो आफ्रिका खंडात आहे. देश लहान. आपल्या महाराष्ट्राचे बारा वाटे केले, तर त्यांतल्या एका वाट्याएवढा. सगळा डोंगरउतारांचा मुलूख. लोक बहुतेक शेतकरी. घेवडा, केळी, ज्वारी पिकवणारे.

तेथे हुतू आणि तुत्सी असे दोन मोठे समाज आहेत. भाषा दोघांची एक. धर्म एक. सोयरिकीही होत. हुतू-तुत्सी हा भेद जुनाच होता, पण तो इतका घट्ट नव्हता. पुढे बेल्जियम देशाचे तेथे राज्य आले. त्या राज्यकर्त्यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत माणसामाणसाला ओळखपत्र दिले आणि त्यावर हुतू की तुत्सी हे लिहून टाकले. बाप जो, तेच मूल. तुम्ही नुकतेच अक्षर शिकला आहात, म्हणून हे मुद्दाम सांगतो. साठ वर्षांनी त्या ओळखपत्रावरचा एक शब्द वाचून माणसे मारली गेली.

मारण्याआधी मने तयार करावी लागतात. १९९३ साली तेथे एक रेडिओ केंद्र निघाले. गाणी झकास लावायचे, थट्टामस्करी करायचे. लोक आवडीने ऐकत. आणि गाण्यांच्या मधे ते तुत्सींना ‘झुरळे’ म्हणायचे. आता सांगा, घरात झुरळ दिसले की तुम्ही काय करता? चप्पलच उचलता ना? आज रेडिओची जागा हातातल्या फोनने घेतली आहे. कुणा समाजाला किड्यामुंगीचे नाव देणारा निरोप फोनवर आला, तर हे झुरळ आठवा.

६ एप्रिल १९९४ च्या रात्री तेथील राष्ट्राध्यक्षांचे विमान कुणी तरी पाडले. लगेच कत्तल सुरू झाली. ती सुमारे शंभर दिवस चालली. आठ लाखांवर माणसे मेली असे संयुक्त राष्ट्रे सांगतात. रवांडाचे सरकार दहा लाखांवर सांगते. मेलेले बहुतेक तुत्सी. ज्या हुतूंनी या कामाला विरोध केला, त्यांनाही मारले. आणि मारणारे कोण? सैनिक होते, टोळ्या होत्या, आणि शेजारीपाजारीही होते. हातांत शेतातलेच कोयते.

तबा नावाच्या भागाचा प्रमुख अकायेसू हा आधी शिक्षक होता, पुढे शाळातपासनीस झाला. पहिले काही दिवस त्याने कत्तल अडवली, मग त्यातच सामील झाला. २ सप्टेंबर १९९८ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने त्याला वंशसंहाराबद्दल दोषी ठरवले. पुढे जन्मठेप झाली. आमचा जन्म शाळेत गेला. हे वाचून आम्हांला फार लागले. शिकलेला माणूस शहाणाच असतो, असे समजू नका हो.

उलट झुरा करुहिम्बी पाहा. खेड्यातली, झाडपाल्याचे औषध देणारी म्हातारी. लोक तिला चेटकीण समजत. तिने शंभरावर माणसे आपल्या लहानशा घरात लपवली. मारेकरी दाराशी आले की ती अंगाला खाज सुटणारा पाला त्यांना लावायची, हातातली कांकणे खळाखळा वाजवायची आणि म्हणायची, “आत पाऊल टाकाल तर भुतं सोडीन!” कोयतेवाले भ्याले. ही म्हातारी २०१८ साली वारली.

कत्तल थांबली, पण पुढे काय? लाखावर माणसे तुरुंगात. न्यायाधीश आणि वकील पुष्कळसे मारले गेलेले. नेहमीच्या कोर्टांत खटले चालवायचे तर शंभर वर्षे लागतील असा हिशेब निघाला. तेव्हा त्यांनी गावपंचायतीची जुनी रीत काढली. तिला ‘गचाचा’ म्हणतात. हा शब्द गवताच्या नावावरून आला. पूर्वी मंडळी गवतावर बसून तंटे मिटवीत. २००२ साली काही ठिकाणी हे काम सुरू झाले, २००५ पासून देशभर. पंच गावानेच निवडले. पूर्वी पंच पुरुषच असत, आता बायकाही बसल्या. पगार नाही, वकील नाही. आठवड्यातून एक दिवस सगळे गाव जमायचे.

पहिले काम कोणते, तर यादी. १९९४ च्या आधी कोणत्या घरात कोण राहत होते? त्यांतले कोण मेले? कुणी मारले? कुणाची गुरे नेली, कुणाचे पत्रे काढले? सारे गावासमोर विचारून लिहून काढले. काही गुन्हेगारांनी कबुली दिली आणि प्रेते कुठे पुरली ते दाखवले. आईला लेकाची हाडे मिळाली. २०१२ च्या जूनमध्ये हे काम संपले, तोवर सुमारे बारा हजार पंचायतींपुढे एकोणीस लाखांवर खटले चालले होते.

सगळे गोड झाले असे नाही. खोट्या साक्षी झाल्या. खऱ्या साक्षीदारांना धमक्या आल्या, काहींचे खूनही पडले. जी बाजू जिंकून सत्तेवर आली, तिच्या सैनिकांनीही हुतूंना मारले होते. त्याची सुनावणी गचाचात झाली नाही. आमच्या मते ही मोठी उणीव राहिली.

पण या उणिवेचा आधार घेऊन काही लोक म्हणतात, “वंशसंहार झालाच नाही. ती लढाई होती. दोन्हीकडचे मेले.” एकाचे मरण पुढे करून दुसऱ्याचे पुसायचे, ही लबाडी आहे. हुतूंची दुःखे खरीच, तीही लिहावीत. पण ओळखपत्र पाहून, तान्ह्या पोरासकट, घरेच्या घरे संपवली, त्याला लढाई कसे म्हणावे? गावोगावच्या याद्या असताना असे बोलणाऱ्याला जागच्या जागी विचारता येते, “मग या घरातली माणसं गेली कुठं?”

आता न्यांगे गावच्या शाळेचे सांगतो. १८ मार्च १९९७ ची रात्र. वरच्या वर्गांतली मुले अभ्यासाला बसली होती. बंदूकवाले आत शिरले. म्हणाले, “हुतू एकीकडे व्हा, तुत्सी एकीकडे.” कुणी हलले नाही. मुले म्हणाली की आम्ही सगळे रवांडाचे आहोत. गोळ्या झाडल्या, हातगोळे टाकले. सहा मुले गेली, पुष्कळ जखमी झाली. पण वेगळे कुणी झाले नाही. त्या मुलांना पुढे देशाने वीर म्हणून मान दिला.

दरवर्षी ७ एप्रिलपासून तेथे स्मरणाचे दिवस पाळतात. वाचलेली माणसे आपल्या तोंडाने हकिगत सांगतात, तरुण पोरे ऐकतात. राजधानी किगाली येथे २००४ साली मोठे स्मारक उभे राहिले. तेथे अडीच लाखांवर माणसे पुरली आहेत. बाहेर एक भिंत आहे. मेलेल्यांची नावे कळतील तशी तिच्यावर लिहितात. पुष्कळांची नावे सांगायला घरातले कुणी उरलेच नाही, त्यामुळे ती यादी अजून अपुरी आहे.