ब्रेकवर गाडी एका बाजूला ओढते?

आमची 2009 ची हॅचबॅक ब्रेक मारला की डावीकडे जायची. आई शिक्षिका आहे, रोज हीच गाडी घाटातून शाळेत नेते. त्यामुळे घरात टेन्शन. दोनदा अलाइनमेंट केलं, फरक शून्य.

आधी बघा, सरळ चालतानाही ओढते की फक्त ब्रेकवर? चालतानाही ओढत असेल तर टायरची हवा, अलाइनमेंट. फक्त ब्रेकवर असेल तर कॅलिपर किंवा बुशवर संशय घ्या. थोडी चालवून पुढच्या दोन्ही रिमजवळ हात न्या (डिस्कला लावू नका, भाजेल!). एक बाजू बरीच जास्त तापली तर तिथला कॅलिपर अडकला असेल. आमच्या दोन्ही सारख्याच. पण ब्रेक मारताना 'खट्' वाजायचं. गाडी स्टँडवर घेऊन लोअर आर्म टॉमीने हलवला, तर डावा मागचा बुश पार फाटलेला. रबर गेलं की ब्रेकवर चाक मागे सरकतं, दिशा बदलते. उभ्या गाडीच्या अलाइनमेंटमध्ये हे दिसणार कसं?

नवीन बुश टाकताना बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच. हवेत आवळला तर रबर पिळलेलं राहतं, लवकर फाटतं. मेकॅनिककाका कुरकुरले, पण तसंच केलं. मग अलाइनमेंट. ते आत्ता कुठे कामाचं.