व्हेनिसमधली चुकामूक

परदेशातून आलेला माणूस काय काय पाहिलं ते न विचारता सांगतो. फजिती कुठे झाली, ते मात्र सांगत नाही. आज मी तीच सांगणार आहे. सौभाग्यवतींची परवानगी घेतली आहे. ‘खरं तेच सांगा’, एवढीच त्यांची अट.

२०१७च्या मे महिन्यात आम्ही दोघं इटलीला गेलो. निवृत्तीनंतरचा पहिलाच परदेश प्रवास. त्यात व्हेनिस हवंच, हा हिचा हट्ट. १९७९ साली आलेल्या ‘द ग्रेट गॅम्बलर’ चित्रपटात अमिताभ आणि झीनत अमान व्हेनिसच्या कालव्यातून गोंडोलात बसून जातात. ते दृश्य हिच्या मनात तेव्हापासून होतं. तिथे गेल्यावर कळलं, की गोंडोलाच्या एका फेरीचा दिवसाचा ठरलेला दर ८० युरो. (आता तो ९० झाला आहे.) मी मनातल्या मनात रुपये केले. जवळजवळ सहा हजार! ‘बघू उद्या,’ मी म्हणालो. माझ्या तोंडी ‘बघू’ म्हणजे ‘नाही’, हे तिला अडतीस वर्षांच्या संसारात पाठ झालेलं.

या शहरात मोटारी नाहीत. आपल्याकडे बस असते तशी तिथे बोट. तिला वापोरेत्तो म्हणतात. रियाल्टो पुलाजवळच्या धक्क्यावर दोन नंबरची बोट लागली. खलाशाने दोर खुंटाला गुंडाळला, लोखंडी फाटक सरकवलं, माणसं उतरली, माणसं चढली. मी चढलो. ही मागे चपलेचा पट्टा लावत होती. फाटक बंद झालं आणि बोट सुटली. मी हातवारे केले. त्यांचा अर्थ ‘तिथेच थांब’ असा होता की ‘पुढच्या बोटीने ये’ असा, यावर आमचं आजही एकमत नाही.

मग माझा हात कमरेच्या पाकिटाकडे गेला आणि घाम फुटला. दोघांचे पासपोर्ट, सगळे युरो, दोघांची तिकिटं, हॉटेलचं कार्ड, सगळं माझ्याजवळ. खर्च नको म्हणून दोघांत चालू ठेवलेला एकच फोन, तोही माझ्याजवळ. तिच्याजवळ छत्री आणि खाकऱ्यांचा पुडा! सगळं मीच सांभाळतो, याचा मला इतकी वर्षं अभिमान होता.

दोन नंबरची बोट मधले काही थांबे घेत नाही. बराच वेळाने सान मार्कुओलाला उतरलो. परतीच्या बोटीसाठी पाच मिनिटं थांबायचं, एवढीही अक्कल त्या क्षणी उरली नव्हती. मी गल्ल्यांतून धावत सुटलो. व्हेनिसमध्ये घरांचे क्रमांक गल्लीप्रमाणे नसतात. शहराचे सहा भाग आहेत आणि प्रत्येक भागात एकापासून सुरू झालेले आकडे थेट हजारांत जातात. त्यामुळे दारावरचा आकडा वाचून परक्या माणसाला काहीच उमगत नाही. भिंतीवर ‘रियाल्टोकडे’ अशा पिवळ्या पाट्या असतात. एका पाटीवर तर दोन बाण होते, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्हीकडून जाता येतं, हे नंतर कळलं. मी डावीकडे गेलो, वळत गेलो आणि गल्ली संपली तिथे पुढे पाणी. दोनदा असं झालं. तिला भाषा येत नाही, हिच्याजवळ पैसे नाहीत, ही घाबरून कुठे निघून गेली तर मी मुलांना काय सांगू, एवढंच डोक्यात होतं.

तासाभराने धक्क्याशी पोहोचलो तर ही बाजूच्या दुकानापुढे स्टुलावर बसून कागदी पेल्यातून चहा पीत होती! दुकानदार बांगलादेशी तरुण. व्हेनिसमध्ये आणि शेजारच्या मेस्त्रेमध्ये बांगलादेशी मंडळी बरीच आहेत. हिने चेहरा पाहून सरळ हिंदीत विचारलं आणि त्याने हिंदी सिनेमावर पोसलेल्या हिंदीत उत्तर दिलं. ‘आंटी, इथून हलू नका, अंकल इथेच येतील.’ हिलाही ते पटलं. आळंदीच्या यात्रेला नेताना तिची आई बजावायची, ‘चुकलीस तर आहेस तिथेच उभी राहा.’ माझ्या हातातल्या नकाशात ही सूचना नव्हती.

‘अहो, पाणी प्या आधी,’ ती म्हणाली. आणि मग म्हणाली, ‘मला दोन युरो द्या. नाही, चार द्या.’

त्या मुलाने तिला एक युक्ती सांगितली होती. ग्रँड कॅनाल सुमारे पावणेचार किलोमीटर लांब आणि त्यावर पूल फक्त चार. म्हणून स्थानिक माणसं काही ठिकाणी त्रागेत्तो नावाच्या होडीने पलीकडे जातात. ही होडी म्हणजे गोंडोलाच, फक्त सजावट नसलेला. दोन वल्हेकरी असतात. पाहुण्यांना तेव्हा भाडं माणशी दोन युरो.

आम्ही पूल ओलांडून मासळीबाजाराशी गेलो. होडीत भाजीच्या पिशव्या घेतलेल्या दोन बायका उभ्याच होत्या. हीसुद्धा एका हाताने माझा खांदा धरून उभी राहिली. प्रवास दोन-तीन मिनिटांचा. पलीकडे उतरल्यावर ‘पुन्हा जाऊ,’ म्हणाली. त्या दिवशी आम्ही तो कालवा चार वेळा ओलांडला. मी एकदाही ‘बघू’ म्हणालो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आपला पासपोर्ट मागून घेतला, हॉटेलचं कार्ड आणि वीस युरो घेतले आणि ‘अकरा वाजता रियाल्टोच्या धक्क्यावर भेटू’ असं सांगून एकटी बाहेर पडली. मी साडेदहापासूनच तिथे उभा होतो आणि तिने शिकवल्याप्रमाणे जागचा हललो नाही. बरोबर अकराला ती पुलावरून उतरताना दिसली. हातात चेरींची पुडी होती. भाव तिने स्वतः केला होता.