भाकरी, डबा आणि मैदान



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांचे सारे आयुष्य प्राथमिक वर्गांत गेले. म्हणून आज मी त्याच वयाच्या मुलांच्या खाण्याविषयी आणि खेळण्याविषयी बोलणार आहे. विषय किरकोळ वाटेल. परंतु या कल्याणनगरीला तो परका नाही. येथील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यात अन्नाचे सविस्तर वर्णन आहे, इडलीच्या पूर्वजाचाही उल्लेख आहे, आणि क्रीडांसाठी तर ग्रंथाचा एक स्वतंत्र भागच राखून ठेवला आहे. अर्थात ते राजवाड्यातले खाणे आणि राजवाड्यातले खेळणे. सामान्य माणसासाठी त्याच शतकात, याच नगरीत बसवेश्वरांनी कायक आणि दासोह यांचा पुरस्कार केला. श्रम करावेत आणि वाटून खावे, असा त्याचा साधा अर्थ. शाळेतील माध्यान्ह भोजनाला कर्नाटकात 'अक्षर दासोह' हे नाव मिळाले, ते या परंपरेतूनच.

या योजनेचा इतिहास आपल्या भागाशी निगडित आहे. केंद्राची योजना १९९५ साली सुरू झाली, तेव्हा बहुतेक राज्यांत मुलांच्या हाती शिजवलेले अन्न नव्हे, तर दरमहा तीन किलो धान्य पडे. नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला आणि जून २००२ मध्ये कर्नाटकात त्याचा आरंभ उत्तरेकडील सात जिल्ह्यांत झाला. बिदर आणि तेव्हाचे गुलबर्गा त्यांत होते. २०१३ पासून दूध आले, डिसेंबर २०२१ पासून अंडे किंवा केळे. अंड्यावरून बराच वाद झाला. त्या वादात मला पडावयाचे नाही; मात्र प्रथिनांच्या दृष्टीने केळे ही अंड्याची बरोबरी करू शकत नाही, एवढे सांगितलेच पाहिजे. ज्या घरी अंडे चालत नाही, तेथे डाळ, शेंगदाणे आणि दूध यांनी ती उणीव भरून काढावी लागते.

प्रश्न केवळ भुकेचा राहिलेला नाही. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात पाच ते नऊ वर्षे वयाच्या मुलांपैकी सुमारे २२ टक्के मुलांची उंची खुंटलेली आढळली, आणि सुमारे चार टक्के मुले अतिवजनाची. आज एकाच बाकावर ही दोन्ही मुले शेजारी बसतात. पहिल्याला पुरेसे मिळत नाही. दुसऱ्याला वेष्टनातले तळलेले, खारट, गोड फार मिळते. गंमत अशी की पुष्कळदा पहिल्याच्याही हातात तेच पाच रुपयांचे पाकीट असते. सकाळी चहा-बिस्किटांवर घरून निघालेल्या मुलाच्या पोटात काय गेले, याचा हिशेब कोणी करीत नाही. वास्तविक चहामुळे अन्नातील लोह अंगी लागण्यास अडथळा येतो. पंडुरोगाच्या या प्रदेशात ही गोष्ट लहान नव्हे.

यावर आपण परक्या उपायांचा शोध घेतो. आपल्या शिवारात ज्वारी आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम प्रथिने आणि तितकाच चोथा असतो; पांढऱ्या तांदळात चोथा तीन ग्रॅमही नसतो. ज्वारीच्या प्रथिनांत जी उणीव राहते, ती तुरीचे वरण भरून काढते. आणि तुरीसाठी तर कलबुर्गीचे नाव देशभर आहे. भाकरी, वरण, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी, वर लिंबाची फोड: यात काय कमी आहे? कमी आहे ती प्रतिष्ठा. भाकरी डब्यात न्यायची मुलांना लाज वाटते. ही लाज त्यांच्या मनात आपोआप उगवलेली नाही. 'भाकरी काय आणलीस' असे हसून विचारणारे आपणच मोठे लोक असतो. माझ्या मते अज्ञानाहून आणि काही घरांत गरिबीहूनही ही लाज मुलांचे अधिक नुकसान करीत आहे.

याचा पुरावा आपल्याला दरवर्षी वेळअमावस्येला मिळतो. त्या दिवशी घरदार शेतावर जाते. हरभऱ्याचे, तुरीचे कोवळे दाणे आणि नाना पाल्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातली आंबील समोर येते. एरवी मेथी पाहून तोंड फिरवणारे मूल तेथे दुसऱ्यांदा वाढून घेते. कोणी रागावत नाही, कोणी आमिष दाखवीत नाही. सकाळपासून ते बांधावरून धावलेले असते, झोक्यावर बसलेले असते, आणि सगळे तेच जेवत असतात. भूक अशी लागते.

म्हणून डब्याची गोष्ट मैदानाशिवाय पुरी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पाच वर्षांपुढील मुलांसाठी दररोज सरासरी साठ मिनिटांची दमवणारी हालचाल आवश्यक मानली आहे. पूर्वी शाळेची वाटच त्यातील निम्मा वाटा उचलीत असे. आता दारात रिक्षा येते. खेळाचा तास वेळापत्रकात असतो, पण चाचणी जवळ आली की तो गणिताला दिला जातो, आणि शिक्षा म्हणून प्रथम खेळच बंद होतो. लंगडी, लगोरी, खो-खो यांना साहित्य जवळजवळ लागत नाही. लागते ती जागा, आणि सोबत उभा राहणारा शिक्षक. मुलींना पाचवीनंतर मैदानाच्या कडेला बसवण्याची रीतही मोडली पाहिजे.

या शाळेकडून माझ्या अपेक्षा फार नाहीत. आठवड्यातून एक दिवस, समजा बुधवारी, शिक्षकांनी आपला भाकरीचा डबा मुलांच्या पंगतीत बसून उघडावा. खेळाचा तास कोणत्याही विषयाला देऊ नये. आणि माजी विद्यार्थ्यांनी देणगी देताना एखादी खोली बांधण्याचा विचार केला, तर ती मैदानाची जागा सोडून बांधावी.