नजर फिरते, धार उतरते

अपघाताला वर्ष उलटलं तरी ट्रकचा हॉर्न ऐकला की काहींना दरदरून घाम फुटतो. अशा आघातावरच्या एका उपचाराचं नाव आहे ईएमडीआर. अमेरिकेतल्या फ्रान्सिन शापिरो यांना १९८७ मध्ये बागेत फिरताना जाणवलं, की डोळे भरभर इकडून तिकडे गेले तेव्हा छळणारे विचार बोथट झाले. त्यांचा पहिला अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला.

सत्रात काय होतं? आधी पूर्वतयारी, ती घाईनं उरकायची नसते. मग तो प्रसंग मनात आणायचा, त्रास शून्य ते दहामध्ये किती ते सांगायचं, आणि थेरपिस्टची बोटं डावी-उजवीकडे सरकतील तशी नजर न्यायची, डोकं न हलवता. साधारण अर्ध्या मिनिटानं बोटं थांबतात. "आता काय जाणवतंय?" मनात येईल ते सांगायचं, की बोटं पुन्हा सुरू. घडलेलं सगळं साग्रसंगीत सांगावं लागत नाही, हा मोठाच दिलासा.

नजरेच्या कामात मेंदू गुंततो, आठवणीला पुरती जागा उरत नाही, असं एक स्पष्टीकरण आहे. गुण डोळ्यांच्या हालचालीचा की आठवणीला सामोरं जाण्याचा, यावर तज्ज्ञांची अजून जुंपते. जागतिक आरोग्य संघटनेनं मात्र २०१३ मध्येच आघातोत्तर तणाव विकारासाठी याची शिफारस केली. आठवण पुसली जात नाही बरं का! आणि व्हिडिओ लावून घरच्या घरी करायचा हा प्रयोगही नव्हे. कुठं जावं कळत नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. तिथं मराठीतही बोलता येतं.