वानराचें पिलूं आणि त्याची चाल

छत्रपति संभाजीनगरहून देवगिरीचा किल्ला मागें टाकीत प्रवासी सुमारें ३० किलोमीटरांवरील वेरूळास पोंचतो, तेव्हां कैलास लेण्याच्या आधींच पुष्कळदां त्यास काळ्या तोंडाच्या वानरांचें दर्शन घडतें. शेपट्या लोंबत सोडून कड्यावर बसलेल्या माद्या व त्यांच्या पोटाशीं बिलगलेलीं पिलें सर्वांच्या परिचयाचीं आहेत. आई चालते, पिलूं पाहतें व तसेंच करूं लागतें, असें वरवर वाटतें. खरी गोष्ट निराळी आहे. पिलूं म्हणजे लहान मापाचा वानर नव्हे. त्याच्या देहाची घडणच वेगळी असते, आणि ती जसजशी बदलते तसतशी त्याची चाल बदलते.

वानरीचा गर्भकाळ सुमारें साडेसहा महिन्यांचा. जन्मतः पिलूं काळपट तपकिरी असतें. राखी रंग मागाहून येतो. डोकें धडाच्या मानानें मोठें, मांड्या दुबळ्या, परंतु हातापायांचे पंजे मात्र भरदार. ह्या पंजांचें पहिलें काम चालणें नव्हे, तर धरणें होय. आई एका झाडावरून दुसऱ्यावर झेप घेते, त्या क्षणीं पिलाचा जीव त्याच्या मुठींत असतो.

पण धरण्यास सोयीचा अवयव चालण्यास सोयीचा असतोच असें नाहीं. काठीच्या टोकास वजन बांधिलें म्हणजे ती फिरवितांना हात अवघडतो; तेंच वजन मुठीजवळ आणिलें कीं काठी चटकन् फिरते. डेव्हिड राइक्लेन यांनीं बबून जातीच्या माकडपिलांचीं मापें घेऊन २००५ सालीं हेंच दाखविलें. लहानपणीं अवयवांचा भार टोकाकडे अधिक असतो. पुढें दंड व मांड्या भरत जाऊन तो धडाजवळ येतो, आणि चालीस चपळपणा येतो.

वाढीची दुसरी बाजूही आहे. गॅलिलिओनें १६३८ सालच्या ग्रंथांत सांगितलेला नियम असा, कीं आकार न बदलतां उंची दुप्पट झाली तर वजन आठपट होतें. स्नायूचा छेद मात्र चौपटच वाढतो. म्हणूनच कोवळी डहाळी पिलास पेलते, आईस पेलत नाहीं. गोरिलाचें पिलूं फांद्यांना मनसोक्त लोंबकळतें. देह जड झाला म्हणजे तें बहुधा जमिनीवर, बोटांच्या पेरांवर भार देऊन चालतें.

मनुष्याचें मूलही ह्या नियमास अपवाद नाहीं. जन्मतः त्याचें डोकें उंचीच्या सुमारें चौथा हिस्सा असतें. प्रौढांत तें आठव्या हिश्श्याच्या आसपास येतें. मान सांवरली म्हणजे मानेचा बांक, आणि उभें राहून चालूं लागल्यावर कमरेचा बांक नीट आकारास येतो. शेजारचें मूल दहाव्या महिन्यांत चाललें म्हणून कित्येक माता उगाच झुरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ सालच्या पाहणींत निरोगी मुलें सुमारें ८ व्या महिन्यापासून १८ व्या महिन्यापर्यंत केव्हांही स्वतंत्रपणें चालूं लागलेलीं आढळलीं. त्यापुढें विलंब झाला तर वैद्याचा सल्ला अवश्य घ्यावा. तोंपर्यंत पांगुळगाडा आधार देईल, पण वाढीचें काम वाढीनेंच व्हावयाचें.

वेरूळच्या पिलास मात्र एवढी सवड मिळतेच असें नाहीं. प्रवासी गाडींतून केळें किंवा बिस्किट फेंकतो आणि कळप रस्त्यावर उतरतो. आई उडी मारून निसटते; मांड्यांत अजून बळ न आलेलें पिलूं चाकांपुढें गोंधळतें. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यांत महाकपीची कथा रंगविलेली आहे. त्या कपिराजानें स्वतःच्या देहाचा पूल करून कळपास पार नेलें. आजच्या प्रवाशाकडून एवढ्या त्यागाची अपेक्षा नाहीं. त्यानें हातांतलें केळें हातांतच ठेविलें, तरी त्या पिलास झाडावरच मोठें होण्यास अवसर मिळेल.