डेपोच्या दारातली तक्रार



आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या बाजारहत्नूरला गिरणी नाही, खाण नाही, भोंगा वाजवणारा कारखाना नाही. त्यामुळे युनियनचा विषय निघाला की आपल्याकडची माणसं म्हणतात, ते सिंगरेणीच्या खाणवाल्यांचं काम, नाहीतर कागजनगरच्या पेपर मिलचं. आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो २०१९ च्या दसऱ्यात आपण चांगला भोगला आहे. ५ ऑक्टोबर २०१९ ला तेलंगण आरटीसीचा संप सुरू झाला आणि २५ नोव्हेंबरला मागे घेतला गेला. ५२ दिवस. तात्पुरत्या ड्रायव्हर-कंडक्टरांवर निघतील तेवढ्या गाड्या निघाल्या. बाकी सणाला माहेरी जाणाऱ्या लेकीसुद्धा जीपच्या टपावर सामान टाकून, मागतील ते पैसे देऊन गेल्या.

त्या संपाचं राजकारण मला आज सांगायचं नाही. कामाच्या जागी उठणारी तक्रार मिटवायची कशी, आणि ती मिटवण्याचं काम ज्याने अंगावर घेतलं आहे त्या युनियनच्या प्रतिनिधीने नेमकं काय करायचं असतं, हे त्या संपाच्या निमित्ताने सांगायचं आहे.

संपात सुमारे ४८ हजार कर्मचारी होते आणि मागण्या होत्या २६. सगळ्यात मोठी मागणी महामंडळाचं सरकारात विलीनीकरण करण्याची. सरकार म्हणालं, जे कामावर हजर झाले नाहीत त्यांनी स्वतःहूनच नोकरी सोडली असं आम्ही धरतो. प्रकरण हायकोर्टात गेलं. २६ ऑक्टोबरला दोन्ही बाजू चर्चेला बसल्या, पण मॅनेजमेंटला २१ मागण्यांवरच बोलायचं होतं आणि युनियनच्या पुढाऱ्यांना सगळ्या २६ वर. झालं, बैठक मोडली. पुढे नोव्हेंबरच्या मध्यावर विलीनीकरणाची मागणी पुढाऱ्यांनीच तात्पुरती बाजूला ठेवली. तोवर घरोघरी पगार थकले होते, आणि खम्ममच्या एका ड्रायव्हरने स्वतःला जाळून घेतलं होतं.

आता शेवट ऐका. १ डिसेंबरला तेव्हाचे मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांनी प्रत्येक डेपोतले काही कर्मचारी हैदराबादला जेवायला बोलावले. तिथे घोषणा झाल्या: संपकाळाचा पगार मिळेल, निवृत्तीचं वय साठ होईल. आणि त्याच बैठकीत महिला कंडक्टरांची ड्युटी रात्री आठच्या आत संपवायची, त्यांच्यासाठी डेपोत स्वच्छतागृह आणि कपडे बदलायची खोली करायची, युनिफॉर्मचं बघायचं, हेही ठरलं.

मला या यादीतली स्वच्छतागृहाची ओळ फार खटकते. डेपोतल्या बायकांना कपडे बदलायला खोली नाही, ही गोष्ट मुख्यमंत्र्यांच्या पंगतीत सुटावी? डेपो मॅनेजर, दोन प्रतिनिधी आणि एक गवंडी, एवढ्यांनी आठवड्याभरात मिटवायचं हे काम. ते वर्षानुवर्षं पडून राहिलं, मोठ्या मागणीच्या गाठोड्यात बांधलं गेलं आणि गाठोड्याबरोबरच अडकलं. माझं म्हणणं एवढंच आहे की लहान तक्रार लहान असतानाच मिटवणं हे प्रतिनिधीचं पहिलं काम आहे. गेटवरचं भाषण त्यानंतर.

आता मिटवायची म्हणजे कशी? मुक्कामी गाडीचं उदाहरण घेऊ. समजा, गाडी रात्री साडेदहाला गावात पोचते आणि पहाटे साडेपाचला परत सुटते. ड्रायव्हर-कंडक्टरला विश्रांती मिळाली सात तास. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली जो कायदा झाला, त्याने एका दिवसाची ड्युटी संपल्यापासून दुसऱ्या दिवसाची सुरू होईपर्यंत सलग किमान नऊ तासांची विश्रांती ठरवून दिली. पाच तास कामानंतर अर्ध्या तासाची सुट्टीही त्याच कायद्यातली.

एक प्रतिनिधी डेपोच्या दारात उभा राहून ओरडेल, "माणसाला जनावरासारखं राबवता!" टाळ्या पडतील. डेपो मॅनेजर खिडकी लावून घेईल. दुसरा प्रतिनिधी पंधरा दिवसांच्या नोंदी काढेल: तारीख, ड्युटी क्रमांक, पोचल्याची वेळ, सुटल्याची वेळ. कागदाच्या वरच्या बाजूला कायद्याचं कलम लिहील आणि खाली उपायही लिहील. कारण साडेपाचची गाडी उशिरा सोडा म्हणावं, तर शाळा-कॉलेजची पोरं आणि दवाखान्याला निघालेली माणसं खोळंबतात. मग मुक्कामाला जाणाऱ्या जोडीला त्या दिवशी दुपारची फेरी देऊ नका, मुक्कामाची गाडी लवकर सुटेल असा चार्ट लावा, असं काहीतरी सुचवावं लागतं. ड्युटी चार्ट वाचता येणं ही प्रतिनिधीची खरी विद्या. मॅनेजरला अडचण सांगणारे दिवसाला पन्नास भेटतात. अडचण आणि तोड एकाच कागदावर आणणारा क्वचित.

आणि कागद दिला की पोच घ्यायची. तोंडी सांगितलेली तक्रार मॅनेजरची बदली झाली की त्याच्याबरोबर जाते.

दुसरा प्रकार चार्जशीटचा. ९ डिसेंबर २०२३ पासून तेलंगणात बायकांना बसप्रवास मोफत झाला. पण मोफत असला तरी प्रत्येकीला शून्य रकमेचं तिकीट द्यावंच लागतं, कारण त्याच हिशेबावर महामंडळाला सरकारकडून पैसे मिळतात. बाजाराच्या दिवशी दारापर्यंत माणसं लोंबकळत असताना दोन थांब्यांच्या मध्ये सगळ्यांची तिकिटं काढायची, आधार कार्डं बघायची, सुटे पैसे परत करायचे. त्यात एखादी बाई राहून गेली आणि पुढच्या फाट्यावर तपासणी पथक चढलं, तर कंडक्टर सापडला. इथे प्रतिनिधीने काय करावं? आधी कंडक्टरला एकट्याला बाजूला घेऊन खरं काय ते विचारावं. गर्दीत तिकीट राहिलं असेल, तर गाडीत त्या वेळी किती माणसं होती, मशीनवर आधीचं तिकीट किती वाजता निघालं, हे उत्तरात मांडावं. पण पैसे घेऊन तिकीट दिलं नसेल, तर "मी पाहून घेतो" असं म्हणू नये. चौकशी रीतसर व्हावी, उत्तराला वेळ मिळावा, शिक्षा चुकीच्या मापाची असावी, एवढंच मागावं. जो प्रतिनिधी चोरालाही निर्दोष म्हणतो, त्याचं खऱ्या निर्दोष माणसाबद्दल बोललेलं मॅनेजर ऐकत नाही. आपल्याच सभासदाला "तुझी केस कच्ची आहे" असं सांगायला मॅनेजरशी भांडण्यापेक्षा जास्त छाती लागते. पुढच्या निवडणुकीत ते मत जातं, हे मला ठाऊक आहे.

सीमेपलीकडे किनवट-माहूरला आपले सोयरे राहतात, त्यांनी आपल्या संपानंतर दोन वर्षांनी असाच संप भोगला. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस महाराष्ट्र एसटीतल्या संघटनांच्या कृती समितीने महागाई भत्त्यावर तडजोड केली आणि उपोषण सोडलं. पण आगारांमधल्या कामगारांनी ती तडजोड मानली नाही. विलीनीकरणाशिवाय काही नको म्हणून ते बाहेरच राहिले, आणि आयुष्यभर वर्गणी घेतलेल्या संघटना बाजूला पडल्या. नोव्हेंबरात सरकारने मूळ पगारात अडीच ते पाच हजारांची वाढ दिली, तरी बहुतेक जण परतले नाहीत. शेवटी एप्रिल २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टाने २२ तारखेपर्यंत कामावर या म्हटलं, तेव्हा गाड्या पूर्ववत होऊ लागल्या. विलीनीकरण झालं नाही. पुढारी तडजोड करून बाहेर आला आणि मागे वळून पाहतो तर मागे कोणीच नाही, अशी ती गत. बोलणी करायला जाताना कुठवर खाली यायचं ते सभासदांना आधी विचारावं लागतं. वाटाघाटीचा निम्मा भाग आपल्याच माणसांशी असतो.

तेलंगणात उलटं झालं. संपानंतर युनियनच्या जागी डेपोडेपोत कल्याण मंडळं आली. प्रत्येक डेपोतले दोन कर्मचारी त्यात घेतले, पण ते निवडणुकीतून आलेले नव्हते. मॅनेजमेंटने नेमलेला माणूस मॅनेजमेंटकडे तक्रार नेणार, तर ती किती पुढे नेणार? गंमत बघा, ज्या विलीनीकरणासाठी एवढं झालं त्याचा कायदा त्याच सरकारने २०२३ च्या ऑगस्टमध्ये विधानसभेत मंजूर केला.

आपल्या मराठी मुलखात प्रतिनिधीच्या या कामाचा पहिला माणूस नारायण मेघाजी लोखंडे. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेऊन साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. त्यातल्या मागण्या आज वाचल्या तरी शहाणपण दिसतं. रविवारी सुट्टी द्या. दुपारी अर्धा तास विसावा द्या. काम सकाळी साडेसहाला सुरू करून सूर्यास्ताला थांबवा. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत द्या. काम करताना जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार द्या. प्रत्येक मागणी अशी, की मालकाला हो किंवा नाही एवढंच म्हणता येईल. मोघम एकही नाही. उत्तर यायला सहा वर्षं लागली. एप्रिल १८९० मध्ये रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, दोन बायकाही तिथे बोलल्या, आणि १० जून १८९० ला गिरणी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंड्यांच्या संघटनेकडे ना सभासदांची वही होती, ना फंड, ना नियमावली. होता तो नेमका अर्ज आणि सहा वर्षांची चिकाटी.

आज कायदा त्यांच्यापेक्षा आपल्या बाजूला जास्त आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. वीस किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती हवीच. तिच्यात मालकाचे आणि कामगारांचे सारखे सदस्य, जास्तीत जास्त दहा. बायका कामाला असतील त्या प्रमाणात समितीतही बायका. तक्रार वर्षाच्या आत द्यायची, समितीने तीस दिवसांत निकाल द्यायचा. पटला नाही तर साठ दिवसांत युनियनमार्फत समेट अधिकाऱ्याकडे जाता येतं. या संहितेवर कामगार संघटनांचे आक्षेप बरेच आहेत, संपाच्या नोटिशीबद्दल तर रास्तच आहेत. पण समितीचं कलम वापरण्यासारखं आहे.

आपल्या बाजारहत्नूर मंडळातल्या आशाताई, अंगणवाडीच्या ताई, ग्रामपंचायतीचे सफाई कामगार, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाया यांचा मालक कोण हेच धड ठरत नाही, त्यामुळे ही समिती त्यांच्यापर्यंत सहज पोचत नाही. त्यांनी निदान लोखंड्यांची रीत धरावी: मानधन किती तारखेला यायचं होतं, किती तारखेला आलं, एवढंच तीन महिन्यांचं टिपण, खाली सगळ्यांच्या सह्या, आणि मंडळाच्या ऑफिसात देऊन पोच घेतलेली.

आणि ज्यांच्या घरचं कोणी आदिलाबादच्या जिनिंगमध्ये, डेपोत किंवा वीस माणसांच्या कुठल्याही कारखान्यात कामाला जातं, त्यांनी आज रात्री जेवताना त्याला एवढं विचारावं: तुमच्याकडे तक्रार समिती आहे का, आणि तिच्यात तुमच्या बाजूने कोण बसतं? नाव सांगता आलं नाही, तर समिती नेमा म्हणून मॅनेजरला द्यायचा अर्ज उद्याच लिहायला घ्या.